परतीचं परमिट

"आई, धिस वन गॉट एग. आय डोन्ट वॉन्ट, ला."

"काल तूच मागून घेतलंस की अंडं!"

"काल इज काल."

वाक्याला सिंगापुरी 'ला' जोडणाऱ्या सात वर्षांच्या अनुयाने तांदळाच्या नूडल्सचा वाडगा दोन बोटांनी पुढे ढकलला आणि ती खुर्चीवर गुडघे दुमडून बसली. उल्काने तो वाडगा स्वतःकडे ओढला आणि आपला लेकीपुढे सरकवला. उल्काच्या वाडग्यात अंडं नव्हतं. असं होणार हे तिला ऑर्डर देतानाच ठाऊक होतं.

यांगशुओतल्या त्या गेस्टहाउसच्या गच्चीवरून ली नदी दिसत होती. नदीपलीकडे डोंगर असे सुटे सुटे उभे होते, जणू कुणी ताटात हिरव्या भाताच्या मुदी पाडून ठेवल्यात. चीनच्या नकाशातलं हे एवढंसं गाव, पण पाठीवर बिऱ्हाड घेऊन हिंडणाऱ्या पोरापोरींनी ते जगभर माहीत करून दिलं होतं. खाली अंगणात त्यांच्या चिखलाळलेल्या बुटांची रांग लागलेली असायची. दोन दिवस म्हणून येणारे दोन महिने राहत. उल्का, तिचा नवरा रुचिर आणि अनुया मात्र सिंगापूरच्या सेंगकांग भागातून मोजून सहा दिवसांसाठी आले होते. शाळेची जूनची सुट्टी संपत आली होती. रविवारी विमान, सोमवारी शाळा.

फोन वाजला. 'सेंगकांग मराठी मंडळी' या ग्रुपवर अश्लेषाचा आवाज होता. "उल्का, अगं, ट्रिपवर आहेस माहितीये, पण पटकन सांग ना. री-एन्ट्री परमिट कधी संपतं ते नक्की कुठे बघायचं? आम्ही जुलैत पुण्याला चाललोय, आणि आमचे हे म्हणतात की आधी ते बघ."

उल्का हसली. या ग्रुपची ती बिनपगारी कारकून होती. कुणाच्या आईचा व्हिजिट पास, कुणाच्या बाळाचा पासपोर्ट, कुणाच्या घराच्या चावीचा अर्ज, सगळ्यांना उल्का आठवायची. पूर्वी ती तांजोंग पगारला एका शिपिंग कंपनीच्या अकाउंट्समध्ये होती. नोकरी सोडून दोन वर्षं झाली तरी कागदाचा हात गेला नव्हता.

तिने टाइप केलं, "पीआर कायमचा असतो, पण परमिटला तारीख असते. परमिट चालू असताना बाहेर जायचं आणि चालू असतानाच परत यायचं. बाहेर असताना संपलं तर पीआरही गेला. म्हणून आधी बघून ठेव. थांब, कुठे असतं ते दाखवते." सिंगापूरच्या पीआरचा, म्हणजे कायमच्या रहिवासाचा, तेव्हा नियम तसाच होता.

मग तिने फोनमधलं स्वतःचंच परमिट उघडलं, त्याचा स्क्रीनशॉट घेतला आणि तारखेभोवती बोटाने लाल गोल काढला. गोल जरा वाकडा आला म्हणून पुसून पुन्हा काढला. पाठवायला अंगठा खाली आला, तेव्हा कुठे तिने त्या गोलाच्या आत काय लिहिलंय ते वाचलं.

एकवीस जून. याच वर्षाचा.

तिने फोनच्या वरच्या कोपऱ्यात पाहिलं. शुक्रवार, एकवीस जून.

"आई, युअर नूडल्स गेटिंग फॅट," अनुया म्हणाली.

उल्काने पुन्हा वर्ष वाचलं. तिच्या डोक्यात पाच वर्षं होती. रुचिरला पूर्वी पाच मिळाली होती, तिला स्वतःला पहिल्या खेपेला पाच मिळाली होती, ग्रुपवर ज्यांचे ज्यांचे अर्ज तिने भरले त्यांना पाच मिळाली होती. गेल्या जूनमध्ये मंजुरीची मेल आली तेव्हा अनुया तापाने फणफणली होती आणि रत्नागिरीहून तिच्या बाबांच्या डायलिसिसचे फोन येत होते. 'मंजूर' एवढा शब्द वाचून तिने कागद फोनमध्ये ठेवून दिला होता. एक वर्ष का, ते त्यात लिहिलेलं नसतं. पण अर्ज भरताना 'नोकरी' या रकान्यापुढे तिने पहिल्यांदाच 'नाही' लिहिलं होतं. आता ते तिला आठवलं.

खाली अंगणात रुचिर भाड्याच्या सायकलींशी झटत होता.

"रुचिर, वर ये जरा."

"दोन मिनिटं! ही सीट खालीच होत नाहीये."

"आत्ता ये."

तिच्या आवाजात काहीतरी असणार, कारण तो पान्हा हातात घेऊनच वर आला. तिने फोन त्याच्यापुढे धरला. त्याने वाचलं, मग स्क्रीन दोन बोटांनी मोठी करून वाचलं, जणू मोठं केल्याने तारीख पुढे सरकणार होती.

"हे जुनं असेल."

"नाही."

"अगं, पाच वर्षांचं असतं ना?"

"तुझं होतं. मला एकच दिलंय."

"आणि तू पाहिलं नाहीस?" त्याने पान्हा टेबलावर ठेवला. "तू? अख्ख्या सेंगकांगचे फॉर्म भरतेस तू, उल्का! माझ्या आईचा पास तू दीड महिना आधी करून ठेवलास!"

"हळू बोल."

"चीनचा व्हिसा काढायला गेलीस तेव्हा तरी..."

"तेव्हाही नाही पाहिलं. पुढे बोल."

तो फोन घेऊन विमानं शोधायला लागला. रात्री बाराच्या आत सिंगापूरच्या चांगी विमानतळावर टेकायला हवं होतं. आता दुपारचे दोन वाजत आले होते, इथून विमानतळ दीड तास, थेट विमान आज नव्हतं, ग्वांगझूमार्गे गेलं तरी पोचेपर्यंत तारीख उलटणार. त्याने तीनदा शोधलं आणि तिन्ही वेळा तेच आलं.

आणि गंमत अशी, की ही धास्ती फक्त उल्काचीच होती. दोन वर्षांपूर्वी रुचिर आणि अनुया सिंगापूरचे नागरिक झाले. त्यांना हे परमिटही लागत नव्हतं आणि चीनचा व्हिसाही. लाल पासपोर्ट दाखवला की फाटक उघडत होतं. तेव्हा उल्का दर दोन महिन्यांनी रत्नागिरीला जात होती. "तुम्ही व्हा पुढे, मी येते मागून," असं ती म्हणाली होती. बाबा सप्टेंबरात गेले. ती मागून आली नव्हती.

"ऑनलाइन होतं ना?" रुचिर म्हणाला.

"होतं. आज भरला तर अर्ज मुदतीत आहे. उत्तर कधी येईल ते त्यांच्या हातात."

"मग भर. मी अनुयाला फिरवून आणतो."

"मलाही सायकल हवी," अनुया म्हणाली. मराठीत म्हणाली. आईबाबांचे चेहरे पाहून ती कधीकधी मराठीत येई.

खोलीत बसून उल्काने अर्ज उघडला. नाव, उल्का मनोहर पाटणकर. लग्नानंतरही तिने ते बदललं नव्हतं. व्यवसायाच्या रकान्यात खाली खाली सरकत गेल्यावर 'गृहिणी' सापडलं. मग कागदांची यादी आली. पासपोर्ट होता. रुचिरच्या टॅक्सची नोटीस त्याच्या मेलमध्ये सापडली. राहिलं लग्नाचं सर्टिफिकेट. ते घरी कपाटात होतं आणि घरी सासूबाई एकट्या होत्या.

"हॅलो, काय गं, चढलात का डोंगर?" व्हिडिओवर आधी सासूबाईंचं कपाळ आलं, मग छत, मग पुन्हा कपाळ.

"आई, एक काम आहे. माझ्या कपाटात खालच्या खणात फायली आहेत ना, त्यातली माझी काढा."

"थांब हं, खाली बसायला वेळ लागतो मला." खुर्ची सरकल्याचा आवाज, कपाटाच्या दाराचा आवाज. "ही रुचिरची. ही अनुयाची, दोन आहेत, एक शाळेची एक दवाखान्याची. ही प्रेमा, म्हणजे माझी. ही पण माझीच. तुझी नाही यात."

"नीट बघा आई. असेल."

"अगं, वाचता येतंय मला. तुझ्या नावाची फाईलच नाही इथे."

उल्काला आठवलं, खरंच नव्हती. "सगळ्यात खाली एक करड्या रंगाची असेल. 'इतर' लिहिलेली."

"आहे. लाइटबिलं, फ्रीजची गॅरंटी... हं, सापडलं. लग्नाचंच ना? किती बारीक होता गं रुचिर."

"त्याचा फोटो काढून पाठवा. चारी कोपरे यायला हवेत."

पहिल्या फोटोत सासूबाईंचा अंगठा आला. दुसऱ्यात टेबलावरचा डाळीचा डबा. तिसऱ्यात पुन्हा अंगठा, हळद लागलेला.

"आई, अंगठा येतोय."

"मग कुठे ठेवू तो? कापून?"

"कागद टेबलावर ठेवा आणि उभ्या राहून वरून काढा."

पाचव्या फोटोत चारी कोपरे आले. उल्काने सुटकेचा श्वास टाकला तो पलीकडे ऐकू गेला असावा.

"काय झालंय?" सासूबाईंनी विचारलं.

उल्काने सांगितलं. तिला वाटलं, आता ऐकावं लागणार. सासूबाईंची जीभ पुण्याच्या सदाशिव पेठेत घडलेली होती.

"माझा पास करायला बसलीस तेव्हा शेजारीच बसले होते मी," सासूबाई म्हणाल्या. "तेव्हाच तुझंही नाही का गं बघायचंस?"

"राहिलं आई."

"राहिलं म्हणे." मग कपाटाचं दार लागल्याचा आवाज आला. "जेवलीस का?"

"जेवते."

"मी कुणाला सांगत नाही हो. अश्लेषा आली तरी नाही सांगत. तू ये."

पाच वाजायला दहा मिनिटं असताना अर्ज गेला. पडद्यावर पोचपावतीचा नंबर आला आणि त्याखाली 'प्रक्रियेत'. सायकल चालवून लालबुंद झालेला रुचिर दारात उभा होता.

"झालं ना मग?"

"अर्ज झाला."

"उद्या कळेल?"

"उद्या शनिवार आहे, रुचिर."

शनिवारी नदीला पाणी चढलं होतं. वरच्या अंगाला पाऊस झाला होता म्हणे. तराफे काठाला बांधून ठेवले होते आणि घाटावर लाल फीत लावली होती. लांबून बांबूचे वाटणारे ते तराफे जवळून पाहिल्यावर प्लास्टिकच्या नळांचे निघाले. अनुयाला ते फसवल्यासारखं वाटलं. "फेक बांबू," असं ती दर तराफ्याला बोट लावून म्हणत राहिली.

उल्का दर पाच मिनिटांनी फोन बघत होती. कचेरी बंद आहे हे ठाऊक असूनही बघत होती. रुचिर तिच्याकडे बघत नव्हता, पण तिने फोन खिशात ठेवला की त्याची मान वळायची.

"एक विचारू?" घाटाच्या पायरीवर बसल्यावर तो म्हणाला. "चिडून नाही विचारत. आमच्याबरोबर अर्ज का नाही केलास? बाबांचं दुखणं होतं, मान्य. त्यांना जाऊनही नऊ महिने झाले."

"सांगता नाही येत."

"मला सांगता येत नाही, की कुणालाच?"

तिने पाण्याकडे पाहिलं. गढूळ पाण्यातून एक आख्खी बांबूची फांदी पानांसकट चालली होती. "वाटायचं, तिघंही एकदम उठून गेलो तर मागे कुणी नको का."

"मागे म्हणजे कुठे? रत्नागिरीच्या घराला कुलूप लावून आलीस ना तू?"

"लावलं."

"मग?"

"मग काय. तेच."

तिला स्वतःलाच ते उत्तर पोकळ वाटलं. बाबा जहाजावर ऑइलर होते, उभं आयुष्य इंजिनरूममध्ये गेलेलं. सिंगापूरच्या बंदरात त्यांचं जहाज अकरा वेळा लागलं आणि जमिनीवर उतरायचा पास त्यांना मिळाला दोनदा. बाकीच्या नऊ वेळा त्यांनी डेकवरून दिवे पाहिले. खलाशाचं पुस्तक ते आंघोळीला जातानाही प्लास्टिकच्या पिशवीत घालून, डोळ्यांसमोर राहील असं खुंटीला लावत. उल्काचा पहिला पासपोर्ट त्यांनीच काढला होता, ती दहावीत असताना, कुठे जायचं नसताना. "असू दे," म्हणाले होते. नागरिकत्वासाठी भारताचा पासपोर्ट देऊन टाकायच्या अर्जावर सही करायची वेळ आली, की तिला दुसरं काहीतरी काम आठवायचं. यात रुचिरला सांगण्यासारखं काय होतं?

"आई," अनुया दोघांच्या मध्ये येऊन बसली. "यू गॉट डिटेन्शन?"

"काय?"

"बाबा सेड यू मे बी कॅनॉट गो होम. लाइक डिटेन्शन."

उल्काने रुचिरकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली.

"हो," उल्का म्हणाली. "होमवर्क वेळेवर दिलं नाही म्हणून."

"बट यू ऑलवेज स्कोल्ड मी फॉर दॅट, वॉट!"

"हो ना."

अनुयाला हसू आवरेना. आईला शिक्षा झाली ही गोष्ट तिला दिवसभर पुरली. गेस्टहाउसच्या मालकीण बाईंना, वेई बाईंना, तिने भाषांतराच्या अ‍ॅपमध्ये बोलून ती बातमी दिली. वेई बाईंनी अ‍ॅपमधून विचारलं, "मुलीच्या आईची काय चूक झाली?" उल्काने लिहिलं, "तारीख विसरले." वेई बाईंनी ते वाचलं, उल्काच्या दंडावर हात ठेवला आणि आत जाऊन सोललेल्या पपनसाच्या फोडी आणून तिच्यापुढे ठेवल्या.

रविवारी विमानतळावर रांग लहान होती. काउंटरवरच्या मुलीने दोन लाल पासपोर्ट पाहिले, शिक्के मारावेत तशा टकटक कळा दाबल्या आणि बोर्डिंग पास काढून ठेवले. मग उल्काचा निळा पासपोर्ट उघडला. पानं उलटली. पुन्हा उलटली.

"सिंगापूर व्हिसा?"

रुचिरने फोनवरची पोचपावती दाखवली, जुनं परमिट दाखवलं, लग्नाचं सर्टिफिकेट दाखवलं. मुलीने सगळं नीट पाहिलं. कुणाला तरी फोन केला. एक वयस्क बाई आल्या, त्यांनीही पाहिलं, पुन्हा फोन केला. त्या दोघी आपसात बोलत असताना उल्का त्यांच्या चेहऱ्यांकडे पाहत होती. भाषा कळत नसली तरी 'नाही' कळतं.

"शी इज माय वाइफ," रुचिर म्हणाला. आवाज चढला होता. "द चाइल्ड इज सेव्हन. यू अंडरस्टँड?"

"रुचिर, ओरडू नकोस तिच्यावर," उल्का म्हणाली. "ती तिचं काम करतेय. तिच्या जागी मी असते तर मीही नसतं चढू दिलं."

"मग थांबू सगळेच. मीही नाही जात."

"तुझी नवीन नोकरी आहे. प्रोबेशन संपायला तीन आठवडे आहेत. उद्या हिची शाळा आहे."

"एक दिवस बुडली तर काय आकाश कोसळणारे?"

"एक दिवस असेल हे तुला कुणी सांगितलं?"

रांगेतली माणसं त्यांना वळसा घालून पुढे जाऊ लागली.

"हिला तरी ठेव तुझ्याजवळ," तो हळूच म्हणाला. "सुट्टी काढू. शाळेला मी कळवतो."

उल्काच्या तोंडापर्यंत 'हो' आलं होतं. किती सोपं होतं! अनुयाचा हात तिच्याच हातात होता, घामेजलेला, खिडकीकडे ओढ घेणारा. मग तिने स्वतःला विचारलं, ही इथे कुणासाठी राहणार? आणि किती दिवस?

"आस्क मी ला," अनुया म्हणाली. "नोबडी आस्क मी."

"सांग मग," उल्का तिच्यासमोर उकिडवी बसली. "आईजवळ थांबतेस की बाबाबरोबर जातेस?"

अनुयाने एकदा बाबाकडे पाहिलं, एकदा आईकडे. खूप विचार करताना ती खालचा ओठ दातात धरी, तसा धरला. "टुमॉरो गॉट शो अँड टेल. आय वॉन्ट टु टेल अबाउट फेक बांबू." मग आईचा चेहरा चाचपत ती म्हणाली, "आय गो विथ बाबा फर्स्ट, देन यू कम लेटर. कॅन?"

"कॅन," उल्का म्हणाली.

मग बोलायला वेळ राहिला नाही, कामं होती. तिथेच जमिनीवर बॅगा उघडून उल्काने सामान वेगळं केलं. मोठी बॅग त्यांची, छोटी तिची. "युनिफॉर्म इस्त्री करून डाव्या कप्प्यात आहे. नावाची पट्टी पेन्सिलच्या डब्यात. डब्यात पोळी देऊ नकोस, ती परत आणते, सँडविच दे. आईंची बीपीची गोळी सकाळची, त्या विसरतात, समोर उभं राहून द्यायची. झोपताना हिला उजव्या कुशीवर..."

"लिहून पाठव," रुचिर म्हणाला.

"हो. लिहून पाठवते."

एक काम मात्र लिहून पाठवता येण्यासारखं नव्हतं. रुचिरला वेणी घालता येत नव्हती. सासूबाईंचे हात आता थरथरत. शाळेत मोकळे केस चालत नाहीत. उल्काने पर्समधून फणी काढली, अनुयाला गुडघ्यांत धरून बसवलं आणि सकाळी घातलेल्या वेण्या सोडल्या. भांग पुन्हा पाडला. यावेळी पेड इतके आवळून घातले, की अनुया दोनदा "आऊ" म्हणाली.

"टू टाइट, आई."

"असू दे. उद्यापर्यंत राहायला हव्यात. रात्री सोडायच्या नाहीत. सकाळी बाबा फक्त वरून पाणी लावेल."

"देन मंडे नाइट?"

"सोमवारी रात्री सोड."

"देन ट्यूजडे हू टाय?"

उल्काने दुसऱ्या वेणीचं रबर तीनदा फिरवलं, चौथ्यांदा फिरेना. "मंगळवारी पोनीटेल," ती म्हणाली. "पोनीटेल बाबाला येईल. मी दाखवते त्याला व्हिडिओवर."

सुरक्षा तपासणीच्या फाटकाशी रुचिर थांबला. "निघतो," म्हणाला.

"येतो म्हण."

"येतो," तो म्हणाला. यायचं तिला होतं, त्याला नव्हतं, हे दोघांनाही एकदमच कळलं. तो मागे न वळता आत गेला. अनुया मात्र उलटी चालत, हात हलवत, एका माणसाच्या ट्रॉलीला धडकली आणि मग दिसेनाशी झाली. दोन वेण्यांचे शेंडे तेवढे ट्रॉलीच्या आडून क्षणभर दिसले.

परतीच्या बसमध्ये उल्काला खिडकी मिळाली. सात वर्षांत तिने खिडकीची जागा घेतली नव्हती. डोंगर आले, गेले, पुन्हा आले. शेजारच्या म्हाताऱ्याने तिला एक लिची दिली, तिने ती मुठीत धरून ठेवली. विमानाने जमीन सोडायची वेळ झाली, तेव्हा तिने घड्याळ पाहिलं आणि मग पाहिलं नाही.

वेई बाई अंगणात बूट धुवत होत्या. एकटी उल्का आणि छोटी बॅग पाहून त्या उठल्या. अ‍ॅप काढून एवढंच बोलल्या, "तुमच्या खोलीत आज दुसरं कुटुंब आलं आहे. खाली मुलींच्या मोठ्या खोलीत एक पलंग आहे. खालचा. वर चढावं लागणार नाही." मग पोलिसांच्या नोंदीसाठी पासपोर्ट मागितला. सहा दिवसांपूर्वी त्यांनी तीन पासपोर्ट एकावर एक ठेवून फोटो काढले होते. आता एकच होता, त्यावर त्यांनी तळहाताने धूळ नसतानाही धूळ पुसली.

"किती दिवस?" त्यांनी अ‍ॅपमधून विचारलं.

"सोमवारी कळेल," उल्काने लिहिलं. मग ते पुसून लिहिलं, "कळलं की सांगते."

मोठ्या खोलीत आठ पलंग होते, दोन दोन एकावर एक. ओल्या मोज्यांचा आणि सनस्क्रीनचा वास येत होता. समोरच्या खालच्या पलंगावर नाकाची साल निघालेली एक सोनेरी केसांची मुलगी नकाशा पाहत पडली होती. फार तर बावीसची असेल. पलंगाच्या कठड्यावर तिचा भलामोठा टॉवेल वाळत होता.

"हाय! एकटीच फिरतेस?" तिने इंग्रजीत विचारलं.

"हो," उल्का म्हणाली.

"किती दिवस?"

"माहीत नाही."

मुलीने नकाशा छातीवर टेकवला आणि मनापासून सुस्कारा सोडला. "किती भारी! मला तारीख आहे. बुधवारी परत जावंच लागणार. तुझ्यासारखं यायला हवं."

उल्काने मान डोलावली. बॅग उघडली. सामानाची घाईत वाटणी करताना चुकून आलेली एक प्लास्टिकची पिशवी वरच होती, गाठ मारलेली. गाठ सोडली. आत अनुयाचा पोहण्याचा पोशाख होता, शनिवारी संध्याकाळी गेस्टहाउसच्या छोट्या तलावात भिजलेला, अजून ओला, बाहीवर माशांची चित्रं असलेला. आता उशीर केला तर त्याला वास येईल.

तिने तो उघडून झटकला, शिवणी सरळ केल्या आणि कुठे घालावा म्हणून खोलीभर पाहिलं. कुठेच जागा नव्हती. त्या मुलीने एकदा त्या इवल्याशा पोशाखाकडे पाहिलं, एकदा उल्काकडे. ती उठली, कठड्यावरचा आपला टॉवेल एका टोकाला सारला आणि वाऱ्याची बाजू उल्कासाठी मोकळी केली.